नव्या तांदळाचे झोंगे

तिसऱ्या दिवशीही डबा जवळजवळ भरलेलाच परत आला. पोळ्या तशाच, मसाल्याची वांगी तशीच, वरण थिजलेलं. फक्त भाताचं पूड चाटूनपुसून रिकामं होतं. मी ते पूड हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि मला खरंच वाईट वाटलं. माझ्या हातच्या वांग्यांसाठी नात्यातले लोक लग्नाच्या आदल्या दिवशी मला मुद्दाम बोलावून घेतात. आणि हा परक्या मुलखातला माणूस त्यांना बोटही लावत नव्हता.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पडवीत लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी डब्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "त्याले सापबिप पायजे असन. तुह्या वांग्यानं त्याचं काय होते?"

"काऊन मनावर घेऊन राहिली तू?" आमचे हे हात धुताधुता म्हणाले. "भात जेवला ना तो? झालं मंग."

आम्ही गोंदियात राहतो. शेती दवनीवाड्याला आहे, ती दीर पाहतात. आमचे हे राइस मिलमध्ये ऑपरेटर आहेत. त्या वर्षी उन्हाळ्यात मिलमध्ये तांदूळ निवडायचं नवं यंत्र आलं होतं. त्यात कॅमेरे असतात. काळा, पिवळा दाणा दिसला की हवेच्या फुंकरीनं तो बाजूला उडवला जातो. यंत्र चीनमधून आलं आणि ते बसवून द्यायला त्याच्यामागून एक मिस्त्रीही आला. आठ-दहा दिवसांत काम आटोपून तो जाणार होता. पण यंत्राचा एक भाग प्रवासात दुखावला, दुसरा मागवावा लागला, आणि तो येईपर्यंत मिस्त्री अडकून पडला. हॉटेलचं खाऊन त्याचं पोट बिघडलं, तेव्हा शेटजींनी आमच्या ह्यांना विचारलं, तुमच्या घरून डबा येईल का? हे लगेच हो म्हणून आले.

चौथ्या दिवशी मी स्वतःच डबा घेऊन गेले. मिल आमच्या घरून पायी पाच मिनिटांवर आहे. ऑफिसच्या वर एक खोली होती, तिथे तो राहत होता. वय चाळिसाच्या आसपास, अंगानं किडकिडीत, डोळ्यांवर जाड चष्मा, सगळ्या अंगावर कोंड्याची धूळ. मला पाहून तो ताडकन उठला, स्टूल पुसून पुढे केलं आणि स्वतः उभाच राहिला. मग त्यानं खिशातून फोन काढला, त्यात आपल्या भाषेत काहीतरी बोलला आणि फोन माझ्यापुढे धरला. रेल्वे स्टेशनवर गाडीची घोषणा करणाऱ्या बाईच्या आवाजात फोन म्हणाला, "मैं आपके खाने से नहीं डरता। मेरा पेट डरता है।"

मला हसू आलं. तोही हसला, आणि मग दोनतीनदा मान खाली घालून त्यानं माफी मागितली. मी फोनमध्ये हिंदीत विचारलं, तिखट नको का? त्यानं जीभ बाहेर काढून हातानं वारा घातला.

मग त्यानं भाताचं पूड उघडलं, दोन शितं बोटांत दाबली आणि विचारलं, हा तांदूळ कोणता?

मी ओशाळले. घरचा जुना तांदूळ संपला होता आणि दिरांनी नुकताच निघालेल्या उन्हाळी धानाचा तांदूळ पाठवला होता, जाड आणि अगदी नवा. नव्या तांदळाचा भात गिच्च होतो, गोळाच होतो, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. म्हणून तर लोक तांदूळ वर्षभर मुरवतात. पाहुण्याला असा भात वाढायचा नसतो. मी म्हटलं, उद्या बाजारातून जुना तांदूळ आणते, शितं मोकळी होतील.

फोननं माझं बोलणं त्याला सांगितलं तसा तो घाबरलाच. "नहीं, नहीं," एवढं हिंदी तो मिलमध्ये शिकला होता. पुढचं फोननं सांगितलं. "यह चावल बहुत अच्छा है। ये दाने एक-दूसरे को छोड़ते नहीं।"

माझं सगळं आयुष्य तांदळाच्या जिल्ह्यात गेलं. भात चिकटतो म्हणून कुणी कौतुक केलेलं मी तोपर्यंत ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी तिखट बंद केलं. पातळ मुगाचं वरण, जिऱ्यावर परतलेला दोडका, काकडी, आणि तोच नवा भात. डबा घासल्यासारखा रिकामा येऊ लागला. चार दिवसांनी आमचे हे त्याला जेवायला घरीच घेऊन आले. शेजारच्या बाया त्या दिवशी काही ना काही मागायच्या निमित्तानं आमच्या दारात येऊन गेल्या.

तो खाली पाटावर बसला. पिशवीतून स्वतःच्या दोन काड्या काढल्या आणि त्या काड्यांनी भात इतका नीट जेवला की ताटाबाहेर एक शीत नव्हतं. वरणाची वाटी दोन्ही हातांत धरून पिऊन टाकली. जेवण झाल्यावर ताट उचलून मोरीवर गेला आणि धुऊन पालथं घालून आला. आत्याबाई इतका वेळ खांबाला टेकून बघत होत्या. त्या ह्यांच्याकडे वळल्या.

"पाय, पाय जरा. तुह्या जन्मात तू ताट उचललं का?"

तेव्हापासून सापाबिपाचं बोलणं बंद झालं. तो रोज दुपारी घरी जेवायला येऊ लागला. मिलमधल्या लोकांकडून ऐकून मला 'भाभीजी' म्हणायचा, आत्याबाईंना 'माताजी'. आम्ही त्याला भाऊ म्हणायचो. त्याचं खरं नाव एका श्वासात संपणारं होतं, पण आमच्या कुणाच्याच तोंडात ते नीट बसलं नाही.

एके दिवशी जेवल्यावर तो भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर जाऊन उभा राहिला. बोटानं दिवस मोजले, पुन्हा मोजले, आणि उतरल्या चेहऱ्यानं पाटावर येऊन बसला. ह्यांनी मला हळूच सांगितलं की त्या यंत्राचा भाग अजून मुंबईतच अडकला आहे, आणखी आठवडा तरी लागणार.

"भाऊ, क्या हुआ?" मी विचारलं.

फोनमधल्या बाईनं सांगितलं की पाच दिवसांनी त्यांचा सण आहे. त्यांच्या पाचव्या महिन्याची पाचवी तिथी. त्या दिवशी माणूस घरी असतो. लग्नाला बारा वर्षं झाली, या सणाला तो एकदाही घराबाहेर राहिला नव्हता.

आत्याबाईंना तिथी म्हटलं की राहवत नाही. त्यांनी मला कॅलेंडर उतरवून मागितलं, चष्मा लावला आणि बोट ठेवून पाहिलं.

"पाच दिवसानं तं ज्येष्ठ शुद्ध पंचमी येते," त्या म्हणाल्या. "यायची पाचवी अन् आपली पंचमी एकाच दिवशी?" मग स्वतःलाच उत्तर दिलं, "येईनच ना. चांद तं एकच हाये."

हे त्याला सांगितल्यावर तो इतका खूश झाला की उठून स्वतः कॅलेंडर पाहून आला, त्याला त्यातलं अक्षरही वाचता येत नसताना.

मग त्या सणाला काय करतात ते त्यानं सांगितलं. चिकट तांदूळ भिजवायचा, पानात भरायचा, दोऱ्यानं घट्ट बांधायचा आणि तीन-चार तास उकडायचा. त्याला तो झोंग्झ म्हणायचा, शेवटचं अक्षर अर्धं गिळून. आत्याबाईंनी पहिल्याच झटक्यात त्याचा झोंगा केला आणि आमच्या घरात तेच नाव राहिलं.

"अन् आत काय घालते?" आत्याबाईंनी विचारलं.

यावर तो बराच वेळ बोलला. फोनची बाई मध्येमध्ये अडखळत होती, पण कळलं ते असं. त्याची आई दक्षिणेकडची. तिचे झोंगे खारे, आत डुकराचं मांस, मिठात मुरवलेल्या अंड्याचा बलक, मुगाची डाळ. बायको उत्तरेकडची. तिच्याकडे झोंगा गोडच असतो, आत लाल खजुरासारखं एक वाळलं फळ, आणि खारा झोंगा ऐकला तरी तिच्या माहेरचे लोक नाक मुरडतात. आणखी कुठल्या डोंगराळ भागात जीभ बधिर करणारा मसाला घालतात. कुठे राखेच्या पाण्यात तांदूळ भिजवतात, तो पिवळा होतो, आणि गार झाल्यावर पाकात बुडवून खातात. आकारही सगळ्यांचे वेगळे. त्यानं ह्यांच्या वहीवर काढून दाखवले. एक शिंगाड्यासारखा तीन टोकांचा, एक चार टोकांचा, एक उशीसारखा लांबट, एक बैलाच्या शिंगासारखा.

"तुमच्या घरी कोणता करतात मग?" मी विचारलं.

त्यानं दोन बोटं वर केली. दोन चुली, दोन भांडी. एकात आईचे, एकात बायकोचे. दोघी आपापल्या भांड्यातला पहिला झोंगा त्याच्या ताटात ठेवतात आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसतात.

"अन् तू काय म्हनते?" आत्याबाई पुढे सरकल्या.

"मैं कहता हूँ, दोनों गरम हैं," फोन म्हणाला.

आमचे हे इतके हसले की त्यांना ठसका लागला. आमच्या घरातही ते चालतंच. मी सालेकशाकडची, जंगलपट्टीतली. माझ्या माहेरी तांदळाच्या पिठाचा फरा करतात, तो वाफवतात आणि तिळाची फोडणी देतात. इथे पवारांच्या घरी आल्यावर पहिल्या सणाला मी फरा केला, तर आत्याबाई म्हणाल्या होत्या, सणाच्या दिवशी तळलेल्या सुवारी न् बडे, म्हणजे पुऱ्या-वडे, सोडून हे काय उकडून ठेवलं?

त्याच दुपारी मी ठरवलं की त्याचे झोंगे आपल्या घरी करायचे. तांदूळ तर होताच, आणि एकमेकांना न सोडणारा होता. प्रश्न पानांचा होता. त्याच्याकडे रुंद बांबूचं पान लागतं. आमच्याकडच्या बांबूचं पान बोटभर रुंदीचं. पळसाचं पान घट्ट दुमडलं की तडकतं. मला माझ्या माहेरचं माहूल आठवलं. ती मोठी वेल असते, झाडांवर चढत जाते. पान आपट्याच्या पानासारखंच, पण ताटलीएवढं. पत्रावळ्या लावायला तेच वापरतात आणि तिच्या सालीचा दोर वळतात. पान आणि दोरा एकाच वेलीचा.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी सालेकशाला गेले आणि तिथून ऑटोनं गावात. आई अंगणात मोहफुलं उन्हात घालत होती.

"येवढी पानं कायले पायजे?" तिनं विचारलं. "लगन हाये का कोनाचं?"

मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, विळा घेतला आणि माझ्यासोबत जंगलाच्या कडेला आली. शंभरेक पानं झाली, सालीची दोन बंडलं झाली. निघताना तिनं वाळल्या बोरांची एक पुरचुंडी आणि एका डब्यात मोहफुलं दिली.

"गोड करते म्हनते ना त्यायची बायको? मंग हे घे. खजूर कोन आनते येवढ्या दूर?"

मी त्या दिवशी संध्याकाळी घरी आले ती पानांच्या भाऱ्यासकट. गाडीत एका बाईनं पत्रावळ्या विकायला नेताय का म्हणून विचारलं.

सणाच्या आदल्या दिवशी मी एकटीनंच करून पाहिलं. तांदूळ रात्रभर भिजवलेला होता. पानाचा द्रोण केला, तांदूळ भरला, वरून पान दुमडलं, बांधलं आणि गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, उकळायला सोडलं. तासाभरानं गंजाचं झाकण काढलं तर पाणी पांढरंफेक. झोंगे सगळे सुटलेले, पानं वर तरंगताहेत आणि खाली पेज. आत्याबाईंनी ती पेज मीठ घालून वाटीत घेतली.

"चांगली लागते," त्या म्हणाल्या. "पन याले झोंगा म्हनशील तं भाऊ रडन."

पंचमीच्या दिवशी मिल बंद नव्हती, पण यंत्रच बंद असल्यामुळे भाऊ सकाळीच आला. माझा आदल्या दिवशीचा प्रताप ऐकून त्यानं माहूलचं एक पान उचललं आणि उजेडासमोर धरलं. माहूलच्या पानाला टोकाशी खोल चीर असते, पान जणू दोन पानं जोडून केल्यासारखं. त्या चिरेतूनच माझा तांदूळ वाहून गेला होता. त्यानं असं पान कधी पाहिलं नव्हतं. तो ते उलटसुलट करत राहिला, एकदा कपाळालाही लावलं. मग पानं उकळत्या पाण्यातून काढून मऊ केली, पान मधोमध दुमडलं, चीर वरच्या बाजूला घेतली आणि देठाच्या टोकाकडून द्रोण वळला. तांदूळ भरताना तो बोटानं दाबत होता, पण फार नाही. तांदूळ फुगायला जागा लागते, हे त्यानं दोन्ही पंजे फुगवून सांगितलं. उरलेलं पान चिरेवरून घट्ट गुंडाळून घेतलं, सालीच्या दोऱ्याचं एक टोक दातांत धरलं, दुसरं गरागरा फिरवलं आणि गाठ मारली. त्याच्या हातातला झोंगा तीन टोकांचा, ताठ. माझ्या हातातला बटाट्यासारखा.

आम्ही दोघं बांधत बसलो होतो. आमचे हे अंगणात धानाच्या भुशाच्या शेगडीवर मोठा गंज ठेवायच्या खटपटीत होते. आत्याबाई दोरे सोलून देत होत्या. देतादेता त्यांनी विचारलं, "पन हे पानात बांधाचं निघालं कसं?"

भाऊनं सांगितलं. खूप जुनी गोष्ट. राजाचा एक प्रामाणिक कारभारी होता. राजानं त्याचं ऐकलं नाही, उलट त्याला हाकलून दिलं. त्यानं दुःखानं नदीत उडी घेतली. लोक नावा घेऊन धावले, पण तो सापडला नाही. तेव्हा लोकांनी नदीत भात टाकला.

आत्याबाईंचे हात थांबले. "मेलेल्या मानसासाठी भात? नदीत?" त्यांनी दोरे खाली ठेवले. "म्हंजे हा पिंडच झाला ना, बाई. पिंड कोनी घरात शिजवून खाते का?"

गंजात पाणी तापायला लागलं होतं. भाऊ आमच्या तोंडांकडे बघत होता, काहीतरी बिनसलंय एवढं त्याला समजलं होतं. मी फोनमध्ये जमेल तसं विचारलं, हे मेलेल्या माणसाचं जेवण आहे का? मेलेल्यासाठी असलं तर आमच्याकडे ते घरात चालत नाही.

त्यानं जोरजोरात मान हलवली. बराच वेळ बोलला आणि फोन आत्याबाईंच्या कानाजवळ नेला. फोन म्हणाला, "यह उनके लिए नहीं है। यह मछलियों के लिए है। मछलियों का पेट भर जाए, तो वे उस अच्छे आदमी को नहीं खाएँगी। और सबसे पहले बच्चे खाते हैं।"

आत्याबाईंनी फोन पुन्हा एकदा वाजवायला लावला.

"मासोळ्यायचं जेवन," त्या शेवटी म्हणाल्या. "मंग ठीक हाये. पन एक झोंगा नदीले देयाचा. मासोळ्यायचा वाटा ठेवल्याबिगर मी खानार नाही." आणि दोरे पुन्हा मांडीवर घेतले.

आम्ही तीन प्रकारचे केले. एक मुगाच्या डाळीचे, खारे, त्याच्या आईच्या पद्धतीचे, फक्त मांसाशिवाय. आत्याबाईंनी मांसमच्छी सोडल्यापासून आमच्या घरात अंडंही शिजत नाही. दुसरे आईनं दिलेल्या वाळल्या बोरांचे, गुळाचा खडा घालून. बोर तोंडात टाकल्यावर भाऊ चमकला. त्यानं बी काढून पाहिली, पुन्हा एक खाल्लं. त्याच्या बायकोच्या गावचं लाल फळ याच्याच जातीचं आहे, असं त्यानं सांगितलं, फक्त ते मोठं आणि गोड, हे लहान आणि आंबट. आणि तिसरे मी माझ्या मनानं केले, मोहफुलांचे. मोहाचा डबा उघडताच आत्याबाई म्हणाल्या, "दारूचा वास येन घरात." मी म्हटलं, माझ्या माहेरी पोरं मोह गुळासारखा खातात आत्याबाई, कुणी झिंगत नाही.

सकाळी अकराला गंज चढला तो दुपारी तीनला उतरला. सगळ्या अंगणात पानाचा वास होता, ओल्या जंगलासारखा. भाऊनं पहिला झोंगा सोडला. आत तांदळाचा गोळा चकचकीत, पानाच्या शिरा त्यावर उमटलेल्या, आणि टोकं शाबूत. हिरवट पिवळा रंग आला होता. त्यानं वास घेतला आणि कुणाकडे न बघता चष्मा काढून पुसला.

मग त्यानं घरी व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर एकीकडून त्याची आई आली, एकीकडून बायको, मध्ये त्याची लहान मुलगी. आईनं आमचा झोंगा अगदी जवळून पाहिला आणि काहीतरी ठसक्यात बोलली.

"क्या बोली?" ह्यांनी विचारलं.

"बोली, कोने कम हैं," फोन म्हणाला.

"तिले म्हना, पान आमचं, कोपरे तुमचे," आत्याबाई म्हणाल्या. मग फोनमधल्या बाईला बाजूला सारून त्या थेट त्याच्या आईशीच बोलू लागल्या. इकडून झाडीबोली, तिकडून त्यांची भाषा. पोराला जेवू घालतो आम्ही, चिंता नोको करू, बारीक झाला नाही तो, पाय. तिकडची म्हातारीही भरभरून बोलत होती, मध्येच हात जोडत होती. दोघींना एकमेकींचं काय कळलं ते त्याच जाणोत, पण बराच वेळ दोघी थांबल्या नाहीत.

शेवटी बायकोनं पडद्यावरून विचारलं, खारा चांगला की गोड? भाऊ आमच्याकडे पाहून हसला. आज त्याच्या ताटात तिसरा होता. त्यानं मोहाचा झोंगा उचलून दाखवला आणि हा सगळ्यांत चांगला म्हणून सांगितलं. तिकडे दोघी बायका एकाच वेळी ओरडल्या. मुलगी टाळ्या वाजवत होती. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यानं उत्तर दिलं होतं, असं तो नंतर म्हणाला, कारण ह्या उत्तरानं दोघींपैकी कुणीच हरत नव्हती.

मोहाचा झोंगा खरंच चांगला झाला होता. मोहानं भाताला गडद तपकिरी रंग आणि खोल गोडी आणली होती. बोरांचा थोडा आंबटच झाला, गूळ आणखी हवा होता. मुगाचे आमच्या ह्यांनी मिरचीच्या ठेच्याशी खाल्ले, सहा. भाऊ ते बघून पुन्हा जिभेला वारा घालत होता. आत्याबाई मात्र नुसत्या बसून होत्या. दुसऱ्या दिवशी हे शेतावर गेले, एक झोंगा पान सोडून वैनगंगेत टाकला आणि मासे आले होते असं फोनवर सांगितलं. मग आत्याबाईंनी झाकून ठेवलेल्यातला एक घेतला, गार, तुपाशी.

"तुह्या माहेरचा मोह चांगला हाये," त्या म्हणाल्या. माझ्या माहेरच्या वस्तूला त्यांनी इतक्या सरळ चांगलं म्हटलेलं मला तरी आठवत नाही.

पुढच्या आठवड्यात यंत्राचा भाग आला. भाऊनं तो दोन दिवसांत बसवला. यंत्र सुरू झालं तेव्हा ह्यांनी मला बघायला बोलावलं. एका नळीतून पांढरा तांदूळ पडत होता, दुसरीतून काळेपिवळे दाणे. भाऊ मूठभर तांदूळ हातावर घेऊन एकेक दाणा तपासत होता. जायच्या दिवशी तो घरी आला, आत्याबाईंच्या पाया पडला, अगदी आमच्या पोरांसारखा, मिलमधल्या कुणीतरी शिकवलं असणार. मी त्याला बोरं, मोहफुलं आणि माहूलच्या सालीचं एक बंडल बांधून दिलं. विमानात नेऊ देतात की नाही ते आम्हाला माहीत नव्हतं. मुंबईहून त्यानं ह्यांना फोटो पाठवला, पुरचुंडी अजून त्याच्या हातात होती.

पुढच्या वर्षी साथ आली, मग सीमेवरही बिनसलं, आणि तिकडची माणसं येणं अवघड झालं. यंत्र बिघडलं तर आता नागपूरचा मुलगा येतो, नाहीतर व्हिडिओवरच काय ते सांगतात. भाऊचा इथला नंबर बंद झाला, निरोप वर्ष-दोन वर्षांनी कुणाच्या तरी हातून येतो. मुलगी मोठी झाली, आई बरी आहे, एवढंच.

झोंगे मात्र दर ज्येष्ठात होतात. पहिल्या वर्षी शेजारच्या बाया चाखायला आल्या, पुढच्या वर्षी करायला. आता त्यातही प्रकार झाले. समोरची छत्तीसगडची बाई त्यात खोबरं आणि चारोळी घालते. कोपऱ्यावरची मावशी हिरवे वाटाणे, आलं आणि मिरची. आमच्या ह्यांचा ठेचा तर आहेच. मुगाचा खरा की मोहाचा खरा, यावर बायांची दरवर्षी भांडणं होतात आणि दरवर्षी दोन्ही संपतात.

यंदा माहेरहून पानं कमी आली. मी वर पळसाची लावून वेळ मारून नेली, आणि व्हायचं तेच झालं, मोहाचे अर्धे झोंगे गंजातच फुटले. आत्याबाईंना आता नीट दिसत नाही, पण त्यांनी वासावरून ओळखलं. "फुटले ना? आन इकडे." मी तो सगळा लगदा काढला, त्यात दूध, गूळ आणि वेलची घातली आणि थोडा वेळ शिजवला. घट्ट खीर झाली, मध्येमध्ये मोहफुलं. आम्ही तिघांनी अंगणात बसून ती वाट्यांत घेतली. ह्यांनी दुसरी वाटी मागितली, आत्याबाईंनीही, आणि मी गंजाच्या तळाला लागलेली खरवड चमच्यानं काढून खाल्ली.